तात्पुरतं छप्पर

भैसारे साहेब कुठल्याही घरात शिरले की आधी भिंतीला हात लावत. घरचे लोक या, बसा म्हणत असायचे आणि साहेब दाराशीच उभे राहून भिंतीवर पंजाची मागची बाजू टेकवत, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तशी. मग हात काढून घेत आणि मुकाट्याने खुर्चीत बसत. ज्याला ही सवय माहीत नसे तो बिचारा भिंतीला ओल आली की काय म्हणून बघायला जाई. एकदा आमच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी सासऱ्यांच्या मयतीला आम्ही सगळे गेलो होतो. साहेब तिथेही भिंतीला हात लावून उभे राहिले. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईला वाटलं, ह्यांना भोवळ आली. तिने लगबगीने पाणी आणलं. साहेबांनी काही न सांगता ते पिऊन घेतलं.

मी चंद्रपूरला बांधकामाच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले तेव्हा ऐंशी साल उलटून थोडाच काळ झाला होता. ट्रेसर म्हणजे वरून आलेला नकाशा पातळ कागदावर शाईने उतरवून काढणारी. त्या कागदावरून मग अमोनियाच्या मशीनवर निळ्या प्रती निघत. अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं आणि मे महिन्यात कपाळावरचा घाम ट्रेसिंगवर पडून शाई पसरायची, म्हणून मी कपाळाला रुमाल बांधून बसायची. वासुदेव भैसारे तेव्हा उपअभियंता होते. ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातले. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, आईने धानाच्या बांध्यांतून रोवणी केली, आणि हा मुलगा बोर्डिंगात राहून, नागपूरला शिकून इंजिनिअर झाला. त्यांच्या गावच्या बौद्ध मोहल्ल्यातला पहिला. हे मला ऑफिसातल्या इतरांनी सांगितलं. साहेबांच्या तोंडून मी स्वतःबद्दल असं कधी ऐकलं नाही.

दिसायला ते उंच, सडपातळ, खांद्यात थोडे वाकलेले. हिवतापाने त्यांना धरून ठेवलं होतं. वर्षातून दोनदा तरी थंडी वाजून येई, आणि बरे होऊन आले की चेहऱ्यावर पिवळटपणा कितीतरी दिवस राही. बोलणं हळू. ऑफिसात शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, पण थकले की आपल्या गावच्या बोलीत उतरत. संध्याकाळी पाचनंतर ते "मला" म्हणतात की "मले" म्हणतात, त्यावरून दिवस कसा गेला ते आम्हाला कळे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "इथी बांधाचं असंल तर वीज नाई असं धरून बांधा. आली तर चांगलंच आहे." ज्या ऑफिसात बसून ते हे म्हणत, तिथल्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या आणि त्यांचा धूर दिसायचा. जिल्ह्यातला कोळसा जिल्ह्यातच जळत होता आणि आमच्या डोक्यावरचा पंखा दुपारी दोन वाजता बंद पडायचा. पंखा थांबला की साहेब खुर्ची उचलून उत्तरेच्या खिडकीशी नेत आणि काम पुढे चालू ठेवत.

चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला यातलं फारसं समजणार नाही. मे महिन्यात इथे दिवसभराचं ऊन स्लॅब पिऊन घेते आणि रात्रभर खाली सोडते. माणसं अंगणात बाजा टाकून झोपतात. साहेबांचं म्हणणं एवढंच होतं की ज्या घरातून माणसाला झोपायला बाहेर पळावं लागतं, ते घर बांधणाऱ्याने चुकीचं बांधलं. हे ते भांडून सांगत नसत. मीटिंगमध्ये एकदा सांगत, दुसऱ्यांदा विचारलं तर पुन्हा सांगत, आणि तिसऱ्यांदा गप्प बसत. मला वाटतं त्यांची अर्धी ताकद त्या तिसऱ्या वेळच्या गप्प बसण्यात गेली.

असंच एका नव्या सरकारी इमारतीचं झालं. नागपूरहून एक तरुण आर्किटेक्ट नकाशा घेऊन आले होते. समोरचा पूर्ण भाग काचेचा, पश्चिमेकडे तोंड. रंगीत चित्र काढून आणलेलं, त्यात काचेत निळं आभाळ आणि पांढरे ढग. आमचे मोठे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, खूश झाले. भैसारे साहेबांनी विचारलं, "दुपारी वीज गेल्यावर माणसं कुठं बसतील?"

"भैसारे, वीज आपल्याच जिल्ह्यात तयार होते," मोठे साहेब म्हणाले. "इथली जाईल कशी?"

सगळे हसले. आर्किटेक्टही हसले, ते चांगले गृहस्थ होते. साहेबांनी म्हटलं, निदान काचेपुढे वीतभर अंतरावर विटांची जाळी घ्या, ऊन अडेल आणि वारा येईल. आर्किटेक्ट म्हणाले, जाळीने इमारत झाकली जाते, मग काच लावायची तरी कशाला. "हेच," साहेब म्हणाले.

इमारत नकाशाप्रमाणेच झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही काही मोजमापासाठी तिथे गेलो तर आतल्या कारकुनांनी काचांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. खाली जमिनीपासून वर हात पोचेल तिथपर्यंत. जुनी झालेली पानं पिवळी पडून तडकत होती आणि भर दुपारी आत दिवे लावलेले. मला हसू आलं. मी साहेबांकडे बघितलं तर ते एका पानावरची बातमी वाचत उभे होते.

"साहेब, तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं," मी म्हणाले.

"दुधे बाई, आपुन बरोबर होतो त्याचा ह्या लोकाले काय फायदा?" ते म्हणाले. "हे तर अजून पन्नास वर्षं इथीच बसून राहतील."

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तरी काही दिवस तिकडची कामं आमच्याच टेबलांवर होती. त्यातच मुरेवाहीच्या आश्रमशाळेचं काम आलं. एटापल्लीच्या पुढे, सूरजागडचे डोंगर निळे दिसायला लागतात त्या बाजूचं हे गाव. आदिवासी मुलींसाठी राहण्याची शाळा करायची होती. पावसाळ्यात रस्ता बंद व्हायचा, हिवतापाची भीती होती, जंगलात बंदूकवाले फिरतात अशी चर्चा होती, त्यामुळे कुणी अधिकारी तिकडे जायला राजी नसत. भैसारे साहेबांकडे काम आलं ते त्यामुळेच.

नमुना नकाशा मुंबईहून आला होता. राज्यभर तोच. लांबट इमारत, सपाट स्लॅब, अरुंद व्हरांडा. मिळालेल्या जागेच्या पश्चिमेला रस्ता होता, आणि रस्त्याकडे तोंड करून ही इमारत बसवली की मुलींच्या झोपायच्या खोल्यांच्या सगळ्या खिडक्या उतरत्या उन्हाकडे येत होत्या. साहेब जागा बघून आले तेच माझ्या टेबलाशी आले. नकाशा पसरला. बराच वेळ बघत राहिले.

"बाई, यात उत्तर कुठं आहे?"

मी शोधलं. नकाशावर दिशादर्शक बाणच नव्हता. नमुना नकाशा कुठेही बसवायचा असतो, म्हणून काढणाऱ्याने तो काढलाच नव्हता.

"मग आपण काढू," ते म्हणाले. त्यांनी कागद काटकोनात फिरवला, इमारतीची लांब बाजू उत्तरेला आली. "इथं बाण घ्या. मंजूर नकाशा जसाच्या तसा आहे. एक रेघ हलली नाही."

शाळेची अरुंद बाजू अशा रीतीने रस्त्याकडे आली. ठेकेदाराला ते विचित्र वाटलं. रस्त्याने जाणाऱ्याला शाळेचं तोंडच दिसणार नाही म्हणाला. पश्चिमेला एक जुनं मोहाचं झाड होतं, ते तोडायची त्याची इच्छा होती. साहेबांनी झाडाला चुन्याचा पट्टा मारून घेतला आणि सांगितलं, हे झाडही इमारतीत धरलंय.

छपराचं मात्र सोपं नव्हतं. मंजुरी स्लॅबची होती. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं आणि मुरेवाहीपर्यंत पोचेस्तोवर पावसाळा येणार हे उघड होतं. साहेबांनी त्याचाच आधार घेतला. सिमेंट येईपर्यंत मुलींचं वर्ष वाया जाऊ नये, म्हणून तात्पुरतं छप्पर करायची परवानगी त्यांनी मागितली. मोठ्या साहेबांनी ती दिली. तात्पुरत्याला कोण नाही म्हणणार.

ते तात्पुरतं छप्पर मी पूर्ण झाल्यावर बघितलं. मला एकदा जागेवर न्या म्हणून मीच मागे लागले होते. आल्लापल्लीच्या सागाच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, त्यावर दुहेरी कवेलू, म्हणजे मातीची कौलं, आणि खाली हातभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत, चुन्याने पांढरं केलेलं. कवेलू तापले तरी ती आच मधल्या पोकळीतच राहायची. भिंती दीड विटेच्या. भिंतीच्या वरच्या टोकाला झरोके, त्यातून तापलेली हवा बाहेर जायची. दक्षिणेचा व्हरांडा इतका रुंद की मुली तिथेच जेवायला बसत. एप्रिलचा महिना होता. आम्ही बसमधून उतरलो तेव्हा माझे ओठ फुटले होते. आत पाऊल टाकलं आणि अंगावरचं काहीतरी जड ओझं कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं. गावात विजेचे खांब उभे होते, पण तारा अजून आल्या नव्हत्या.

मुख्याध्यापिका मडावी बाई त्याच भागातल्या गोंड घरातल्या. ठेंगण्या, ठाम बोलणाऱ्या. त्यांनी साहेबांना सांगितलं, "भाऊ, दुपारी पोट्ट्या वर्गात झोपून राह्यल्या. शिकवू कशी मी?"

"झोपू द्या," साहेब म्हणाले.

मला आठवतं, त्या दिवशी परत येताना आष्टीच्या पुलावर बस थांबली होती आणि साहेब खिडकीतून वैनगंगेकडे बघत होते. चेहरा समाधानी नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "कागदावर ते तात्पुरतं आहे, बाई. तात्पुरतं म्हटलं का कोणी ना कोणी एक दिवस कायमचं कराले येते."

त्याच सुमारास त्यांनी चंद्रपुरात स्वतःचं घर बांधायला काढलं. तोवर ते सरकारी क्वार्टरमध्ये राहत. सगळ्या ऑफिसला उत्सुकता होती की भैसारे आपल्या घराला काय करतात. त्यांनी जो नकाशा काढला तो मीच ट्रेस केला होता. मधे चौक, चारी बाजूंनी उतरतं कवेलूचं छप्पर, जाड भिंती. मला तो फार आवडला होता.

गावाहून त्यांची आई आली. यशोदाबाई. काळी, वाळलेली, कानात काहीच नाही, पण नजर फार तीक्ष्ण. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, मला जेवायला बोलावलं होतं, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. साहेब आईला नकाशा समजावून सांगत होते. त्यांनी बोटाने छप्पर दाखवलं.

"कवेलू?" आईने विचारलं.

"हाव, माय. थंड राहते."

म्हातारीने नकाशावरून हात काढून घेतला. "वासू, मी जलमभर माती लिंपली. दुसऱ्याच्या घरची लिंपली अन् आपल्या घरची लिंपली. पावसात कवेलू सरकले का रातभर गळत्या पाण्याखाली गंज घेऊन बसत होतो आपुन, आठवते का? गावात सिलॅब कोनाच्या घरावर होती?"

"पाटलाच्या."

"अन् तुले इंजिनेर मी काऊन केलं?"

वहिनी पोळ्या लाटत होत्या त्या थांबल्या. मग साहेबांनी नकाशाची घडी केली आणि म्हणाले, "स्लॅब टाकू, माय."

घर स्लॅबचं झालं. पण साहेब साहेबच. स्लॅब पडल्यावर त्यांनी कुंभाराकडून लहान मडकी आणवली आणि गच्चीवर उलटी मांडायला सुरुवात केली. मडक्यांत अडकलेली हवा ऊन खाली येऊ देत नाही. वरून चुना आणि विटांचा चुरा यांचा थर द्यायचा होता. अर्धी गच्ची मांडून झाली होती, तेवढ्यात आई वर आली.

"घरावर उलटी मडकी?" तिने विचारलं. "कोन मेलं?"

साहेबांनी समजावलं. म्हातारी ऐकेना. "दीक्षा घेतली तवा हे मडक्या-फडक्याचं सारं सोडलं आपुन. मोहल्ल्यातल्या बाया येतील वास्तूले. काय सांगू त्याहिले?"

शेवटी एक तोड निघाली. आधी चुन्याचा थर द्यायचा, मग पाहुण्यांना वर न्यायचं. थर वाळला, गच्ची पांढरी सपाट दिसू लागली, तेव्हा आईने स्वतः चालून बघितलं. पायाने दाबून बघितलं. "दिसून तर नाई राह्यली," ती म्हणाली. "मंग राहू दे."

ती त्या घरात दोन उन्हाळे राहिली. दुपारी दारात खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगायची, पोरानं सिलॅबचं घर बांधलं, अन् गरमही नाई होत. ती गेली तेव्हा साहेब दहा दिवस ऑफिसला आले नाहीत. आले त्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी गेले. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "बाई, तिचं काही चुकलं नव्हतं. माझंही नव्हतं. हेच तर अवघड आहे."

पुढे सिमेंट मोकळं मिळायला लागलं. मुरेवाहीच्या फायलीवर दरवर्षी विचारणा येत होतीच: तात्पुरतं छप्पर कायम केव्हा करणार. साहेब दरवर्षी काहीतरी कारण लिहीत. मग गावातूनच मागणी आली. शाळेवर स्लॅब पाहिजे. त्या मागणीसाठी गावात बैठक बोलावली होती आणि साहेबांना जावंच लागलं. मापं घ्यायची म्हणून मीही होते. मोहाच्या झाडाखाली लोक बसले होते. पोलीस पाटील होते, मुलींचे बाप होते, मागे बाया उभ्या होत्या. मडावी बाई एका बाजूला.

एक मध्यमवयीन गृहस्थ उठले. त्यांच्या दोन मुली शाळेत होत्या. शांतपणे बोलले. "साहेब, चंद्रपुरातल्या शाळेवर कवेलू हायेत का?"

"नाहीत."

"मंग आमच्याच पोट्ट्यायच्या डोक्यावर काऊन? आमी जंगलातले म्हनून?"

मला वाटलं साहेब आता उष्णतेचं, पोकळीचं, झरोक्यांचं सांगतील. ते उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. माझ्या मायनं मले हेच विचारलं होतं."

"मंग तुमी काय केलं?"

"स्लॅब टाकली."

लोक हसले. साहेबही थोडे हसले, मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "मी फक्त एक मागतो. पोरी झोपतात त्या खोल्या अन् वर्ग राहू द्या. समोरचं सगळं स्लॅबचं करा. तिथी करंट आला, पंखे लागले, का मग बाकीचं पाहा."

"करंट येनार हाये," कुणीतरी म्हणालं.

"येईल," साहेब म्हणाले आणि खाली बसले.

चंद्रपूरला आल्यावर वरून खुलासा मागवला गेला. मंजूर नकाशाची दिशा कुणाच्या परवानगीने बदलली, तात्पुरत्या कामाला दीड विटेच्या भिंती कशाला, सागवान कशाला. साहेबांनी उत्तर लिहिलं: सूर्य पश्चिमेला मावळतो म्हणून. मला वाचून दाखवलं, फाडलं, आणि मग रीतसर पानभर खुलासा लिहून दिला. त्याचा उपयोग झाला नाही. पावसाळा संपता संपता त्यांची बदली गोदाम विभागात झाली. चंद्रपुरातच, पण काम काय, तर लोखंडाच्या सळया, पत्रे आणि डांबराचे पिंप यांची देखरेख. बांधायचं काहीच नाही.

तिथे मी त्यांना भेटायला जायची. मोठं पत्र्याचं शेड, आत टेबल टाकलेलं, दुपारी आत उभं राहवत नसे. साहेबांनी तिथेही बुरडाकडून तट्टे आणवून पत्र्याखाली बांधून घेतले होते. पण ते आता फार बोलत नसत. ऑफिसात काय चाललंय विचारत आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच दुसरीकडे बघू लागत. "मला" म्हणणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. सकाळीही "मले"च.

मार्चमध्ये मुरेवाहीला ठेकेदार माणसं घेऊन गेला. सगळेच कवेलू उतरवायला. समोरच्या भागातलं ऑफिस आणि कोठीघर मोकळं करून मिळालं, तिथलं छप्पर उतरलं. पुढे वर्ग आणि झोपायच्या खोल्यांपाशी मडावी बाई उभ्या राहिल्या. परीक्षा व्हायच्या होत्या.

"पोट्ट्या कुठी ठेवू?" त्यांनी ठेकेदाराला विचारलं. "तुमच्या घरी घेऊन जाता?"

ठेकेदाराने मोठ्या साहेबांचा हुकूम दाखवला. बाईंनी तो वाचला, परत दिला, आणि पुन्हा तेच विचारलं. दोन-तीनदा तो येऊन गेला. बाई रोज मुलींना आत बसवून स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. असं करता करता मार्च संपला. सरकारी वर्षाबरोबर मंजुरीही संपली आणि नव्याने मागायची कुणाला घाई नव्हती. समोर स्लॅब झाली, मागे कवेलू राहिले. कागदावर अजूनही तात्पुरते.

हे सांगायला मी गोदामात गेले. मला आनंद झाला होता. साहेब टेबलावर कोपर टेकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे वाचलं, साहेब," मी म्हणाले.

"मार्च संपला म्हणा," ते म्हणाले. मग टेबलावरून कोपर काढत, "मडावी बाईले पोट्ट्या हाकलाव्या लागल्या नाई, हे बरं झालं."

त्यानंतरच्या वर्षी त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. तब्येत बरी नसते एवढं कानावर यायचं. मी एकदा घरी गेले तर वहिनी म्हणाल्या, गावाकडे गेलेत. दुसऱ्यांदा गेले तर म्हणाल्या, कुठं जातात ते सांगत नाहीत.

पुढच्या एप्रिलमध्ये मुरेवाहीला नव्या-जुन्या भागाची मापं घेऊन एकत्र नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं. मी सकाळच्या बसने निघाले आणि दुपारी पोचले. समोरच्या स्लॅबच्या भागात कुणी नव्हतं. दारं उघडी, टेबलावर रजिस्टरं, खुर्च्या रिकाम्या. सगळी शाळा मागे होती. दक्षिणेच्या व्हरांड्यात मुली ओळीने बसल्या होत्या आणि पाढे म्हणत होत्या, पण इतक्या खालच्या आवाजात की मी अंगणातून येईपर्यंत मला ऐकूच आलं नाही. मडावी बाईंनी मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

"वर्ग सोडून बाहेर काऊन?" मी हळूच विचारलं.

त्यांनी चौथीच्या खोलीकडे मान केली.

दाराशी झिजलेल्या वहाणा होत्या. आत सतरंजीवर भैसारे साहेब झोपले होते. उताणे, एक हात छातीवर, एक बाजूला पसरलेला. शर्टाची वरची गुंडी सुटलेली. तोंड किंचित उघडं. ते किती बारीक झाले होते ते असं आडवं झाल्यावरच दिसलं. झरोक्यांतून उजेड येत होता, पण तो वरच्या पांढऱ्या तट्ट्यांवरच राहत होता, खाली पोचत नव्हता.

"एटापल्लीवरून सकाळीच आले," बाई म्हणाल्या. "पानी पिले. म्हनाले, जरासा पडतो. मागच्या महिन्यात बी आले होते. काई बोलत नाई, काई पाहत नाई. झोपते अन् संध्याकाळच्या गाडीनं जाते." मग म्हणाल्या, "उठवू का? तुमची ओळख आहे."

"नको," मी म्हणाले.

मी बाकीच्या खोल्यांची मापं घेतली. टेपचं दुसरं टोक एका मुलीने धरलं. ती भिंतीला लागून चवड्यांवर चालत होती. चौथीची खोली मी तशीच सोडली. माझं काम झालं तेव्हा ऊन मोहाच्या झाडामागे गेलं होतं आणि साहेब कुशीवर वळून झोपले होते. बस रस्त्यावर येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मडावी बाई व्हरांड्यातून उठल्या, भराभर चालत रस्त्यापर्यंत गेल्या आणि त्याला काहीतरी बोलल्या. पुन्हा हॉर्न वाजला नाही. मी बसमध्ये चढले. मागच्या खिडकीतून बघितलं तर बाई परत जाऊन बसल्या होत्या, आणि मुलींचे ओठ हलत होते.